ओल, ऊब आणि वारा : मलनाडच्या पदरातील जुन्या घरांविषयी



ज्या गुरुजींच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे, ते विज्ञानाच्या तासाला कित्येकदा आम्हांला वर्गाबाहेर नेत आणि पावसाने भिजलेल्या भिंतीपुढे उभे करीत. भिंतीवरचा ओलीचा पट्टा कोठपर्यंत चढला आहे, यावर एक रेघ ओढून ते विचारीत, ‘‘हे पाणी वरून आले, की खालून?’’ त्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर द्यायला मला पुढे अर्धे आयुष्य लागले. आजचा विषय त्याच रेघेपासून सुरू होतो.

कलघटगी हे समुद्रकाठचे गाव नव्हे. अंकोल्याची खाडी येथून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर आहे. परंतु हुबळीहून निघालेला रस्ता यल्लापूरच्या रानात शिरण्यापूर्वी ज्या पट्ट्यातून जातो, तो हा पट्टा. कन्नडमध्ये याला ‘मलेनाड सेरगू’, म्हणजे मलनाडचा पदर, असे मोठे गोड नाव आहे. जूनमध्ये पश्चिमेचा वारा घाट ओलांडून येतो तो समुद्राची वाफ बरोबर घेऊनच येतो. पूर्वेला नवलगुंदाच्या काळ्या रानात सपाट मातीची माळवदे टिकतात. इकडे मात्र उतरती कौले घातल्यावाचून गत्यंतर नाही. तीस-चाळीस मैलांच्या अंतरात घराची सारी घडण बदलते.

घरात मराठी आणि अंगणात कन्नड बोलणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे याच घडणीची आहेत : दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, उंच जोते, लांब वळचण, आत तक्तपोशीचा माळा आणि त्यावर मातीचा थर, सर्वांवर मंगळुरी कौले. ही कौले बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू येथे १८६५ साली कारखाना काढल्यावर पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरली. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरागत’ छप्पर म्हणतो ते फार तर दीडशे-एकशेसाठ वर्षांचे आहे. त्यापूर्वी नळीची कौले आणि गवत होते. परंपरेचा अभिमान बाळगताना एवढे भान असलेले बरे.

आता या घरांना काय झाले आहे ते पाहू. मुले शिकून पुण्या-मुंबईला, काही विलायतेला आणि कॅनडाला गेली. तिकडची उबदार, वारा न शिरणारी घरे पाहून आली. सुटीत आल्यावर त्यांना गावचे घर गळके, फटींनी भरलेले आणि कुबट वासाचे वाटले. त्यांनी प्रेमानेच पैसे पाठवले आणि म्हटले, भिंतींना सिमेंट करा, फटी बुजवा, खाली गुळगुळीत फरशी घाला. आमच्याही घरी असेच झाले. पश्चिमेच्या भिंतीचा मातीचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. गवंड्याने पाच वर्षांची खात्री दिली होती. तिसऱ्या पावसाळ्यात सिमेंटचा पापुद्रा पोकळ वाजू लागला, आणि तो काढला तेव्हा आतली माती हाताने उकरता येईल इतकी मऊ झालेली होती. खिडकीच्या सागवानी चौकटीचा खालचा भाग वाळवीने पोखरला होता.

दोष सिमेंटचा नाही, अस्थानी योजनेचा आहे. मातीची किंवा जांभ्याची भिंत पाणी पिते. जमिनीतून केशाकर्षणाने पिते आणि पावसाच्या माऱ्यातूनही पिते. ती टिकते याचे कारण ती पाणी पीत नाही हे नसून, प्यालेले पाणी परत सोडते हे आहे. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने वाफ त्यातून बाहेर जाते. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो; शिवाय तो ताठर असतो आणि मातीची भिंत ओल-सुकीबरोबर किंचित फुगते-आक्रसते. मग सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत जाते, पण बाहेर येण्याची वाट उरत नाही. ओल वर वर चढते आणि जेथे गिलावा संपतो तेथे लोणा फुटतो. गुरुजींची रेघ माझ्या घरी गुडघ्यापासून खांद्यापर्यंत गेली ती अशी.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण जुन्या गोव्यात आहे. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझूच्या बासिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकण्यात आला. उघडा जांभा अधिक ‘प्राचीन’ दिसतो, अशी त्यामागे कल्पना होती. तेव्हापासून तो जांभा पावसात झिजतो आहे, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर २०२०पासून मोठा वाद झाला. गिलावा ही भिंतीची कातडी आहे. ती सोलून काढणे जितके चुकीचे, तितकेच तिच्यावर रबरी अंगरखा चढवणेही चुकीचे.

परंतु, कोणी म्हणेल, आमच्या भिंतीला पाऊस लागतच नाही, तरी आत ओल का येते? येथे थोडे गणित करावे लागेल. २७ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम वाफ धरू शकते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तिच्यात सुमारे २२ ग्रॅम वाफ आहे. हीच हवा रात्रभर गार राहिलेल्या २३ अंशांच्या फरशीला टेकली, की तिची धारणशक्ती साडेवीस ग्रॅमांवर येते. उरलेले दीड ग्रॅम पाणी फरशीवर उतरते. पावसाच्या उघडिपीत दुपारी दारे-खिडक्या सताड उघडल्यावर फरशीला ‘घाम’ फुटतो तो हाच. आजी त्या वेळी खिडक्या लोटून घेत असे आणि आम्ही तिला वेड्यात काढीत असू. शेणाने सारवलेली जमीन हा घाम शोषून घेत होती, म्हणून तो दिसत नव्हता एवढेच.

दुसरे कारण चुलीचे. पूर्वी दिवसातून दोनदा पेटणारी चूल ही घराची भट्टी होती. तिची गरम हवा माळ्यातून वर चढे, कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि जाताना ओलावा घेऊन जाई. धुरामुळे वासे काळे पडत, पण किडत नसत. गॅस आला आणि स्वयंपाकघरातील बाईचे डोळे व फुप्फुसे वाचली. ते होणे अगत्याचेच होते. मात्र घर सुकवण्याचे जे काम चूल न सांगता करीत होती, ते आता कोणीच करीत नाही. चार माणसांच्या कुटुंबातून श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटरपर्यंत पाणी हवेत मिसळते, असा वास्तुविज्ञानातील सर्वसाधारण अंदाज आहे. पावसाळ्यात दोऱ्या घरातच बांधाव्या लागतात. तेव्हा हा आकडा कोणालाही पटावा. यावर फटी बुजवल्या, तर हे पाणी जाणार कोठे? ते कपाटामागच्या थंड भिंतीवर बुरशी होऊन बसते. भिंतीलगतची आर्द्रता ऐंशी टक्क्यांपलीकडे दिवसेंदिवस राहिली, की बुरशीला फार काही लागत नाही.

ही केवळ वासाची किंवा रंग खराब होण्याची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दमा आणि श्वासनलिकेचे विकार यांच्याशी असलेला त्यांचा संबंध तीत नोंदलेला आहे. इंग्लंडात रॉचडेल येथे डिसेंबर २०२०मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीने भरलेल्या घरात राहून श्वसनाच्या विकाराने दगावला. त्याच्या मृत्यूच्या चौकशीनंतर तेथे २०२३ साली सामाजिक गृहनिर्माणाचा जो कायदा झाला, त्यातील एक तरतूद त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपले जे माजी विद्यार्थी तिकडे जुन्या घरांत भाड्याने राहतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग परदेशातील ‘बंद’ घरे चांगली कशी राहतात? राहतात, परंतु सर्वत्र नाही. थंड देशात उबदार आतली वाफ बाहेरच्या थंडीकडे धावते, म्हणून तेथे बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या बाजूस लावतात. आपल्याकडे वातानुकूलन यंत्र लावलेल्या खोलीत प्रवाह उलटा वाहतो. वाफ बाहेरून आत येते. तोच प्लास्टिकचा पडदा येथे आतून लावला, तर पाणी नेमके त्याच्या मागे साचेल. कॅनडात व्हँकुव्हरच्या पावसाळी किनाऱ्यावर १९८० आणि १९९०च्या दशकांत आखूड वळचणीच्या आणि बाहेरून घट्ट लिंपलेल्या लाकडी इमारती उभ्या राहिल्या. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून शिरलेले पाणी भिंतीत अडकले आणि हजारो घरे आतून कुजली. १९९८ साली तेथील माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे तेथे बाहेरचे आवरण आणि मूळ भिंत यांच्यामध्ये पाणी निथळायला व वारा खेळायला मोकळी जागा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कोकणात पावसाळ्यापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतात, त्यामागचे तत्त्व हेच. अर्थात कोकणी माणसाने आयोग नेमला नव्हता.

तरीही जुने ते सर्व सोने, असे मला म्हणावयाचे नाही. मातीच्या जाड भिंतीविषयी आपला एक गोड गैरसमज आहे. ती उष्णता अडवत नाही, लांबवते. दुपारचे ऊन दीड हाताच्या भिंतीतून आत यायला कित्येक तास लागतात, एवढेच. निव्वळ रोधाचा विचार केला, तर एक इंच थर्मोकोलची बरोबरी करायला पंधरा-वीस इंच माती लागेल. आणि मार्च-एप्रिलमध्ये घर तापते ते मुख्यतः भिंतीने नव्हे, छपराने. म्हणून उष्णतारोधनावर खर्च करायचा असेल, तर पहिला पैसा छपरावर घालावा. केंद्र सरकारच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये नव्या घरांच्या छपरासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅट अशी घातलेली आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून याच्या अडीच-तीन पट उष्णता आत येते. कौले काढून स्लॅब टाकणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

कौलारू घराला सोपा उपाय असा : रिपांवर खाली सपाट आतली कौले आणि वर मंगळुरी कौले असे दुहेरी छप्पर, मध्ये हवेची पोकळी. मंगळुरी कारखाने अशी आतली कौले पूर्वीपासून करीत आले आहेत. तक्तपोशी शाबूत असेल, तर तिच्यावरच्या मातीवर रोधक थर पसरावा. मात्र तो कौलांना चिकटवू नये, आणि आढ्याजवळ व वळचणीपाशी वारा जायला वाट ठेवावी. कौलांचे सांधे खालून सिमेंटने बुजवणे हा तर छपराचा गळा दाबण्याचा प्रकार होय.

फटी बुजवाव्यात, पण निवडून. भिंत आणि तक्तपोशी यांच्या सांध्यातील, चौकटीभोवतीच्या, विजेच्या तारा शिरतात तेथल्या फटी निरुपयोगी असतात. त्यांतून धूळ, उंदीर आणि पावसाची झड येते. त्या चुना-वाळूने किंवा तागाच्या दोऱ्याने भराव्यात. त्याच वेळी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांत वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवावा. फट आणि झरोका यांत भेद आहे : झरोका आपल्या इच्छेने उघडतो, फट तिच्या मर्जीने.

आपल्या गावच्या पाळण्यांची कीर्ती दूरवर आहे. रंगाचे लेणे चढण्यापूर्वी लाकूड पुरते मुरलेले आणि सुकलेले असावे लागते. ओल्या लाकडावर रंग चढवला, तर तो पुढे तडकतो, हे येथल्या कारागिराच्या मुलालाही ठाऊक आहे. भिंतीला तोच न्याय लावावा. प्रथम जोत्याभोवतीची माती उतरती करून पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे, पन्हळ दुरुस्त करावी, सिमेंट उतरवावे. मग एक पूर्ण उन्हाळा भिंतीला मोकळा श्वास घेऊ द्यावा. पावसाळ्यापुरते झाप लावून तिला झाकावे. चुन्याचा गिलावा पाऊस सरल्यावर, कार्तिक ते पौष या काळात करावा. तो कडक उन्हात भराभर सुकला तर भुगा होतो, म्हणून ओले गोणपाट टांगून त्याला सावकाश आवळू द्यावे लागते. चुना मळणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, आणि हे काम सिमेंटहून महाग व संथ आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीचे सिमेंट चार वर्षांपूर्वी काढले. पहिल्या पावसाळ्यात ओल कमरेपर्यंत होती, दुसऱ्यात मांडीपर्यंत. गेल्या श्रावणात मी पेन्सिलीने रेघ ओढली, ती गुडघ्याच्या किंचित खाली आली आहे.