झिजलेले नाणे

प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवासे येथे (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) १९५४ साली प्रा. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झाले. सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले. याच व्यापारातून रोमची नाणीही भारतात येत.

हातोहात फिरून नाण्यावरील अक्षरे पुसट होतात. मग ते कोणत्या सम्राटाचे, हे कसे ओळखावे? बाजूने येणाऱ्या उजेडात ते तिरपे धरले, की मुखाकृती उठून दिसते. चेहऱ्यावर भरघोस दाढी असली, तर तो बहुधा इ. स. ११७ मध्ये गादीवर आलेला हेड्रियन किंवा त्यानंतरचा सम्राट. त्यापूर्वीचे सम्राट सहसा दाढी राखीत नसत. चिंचेने घासून नाणे चकचकीत करण्याचा मोह मात्र घातक. त्यात ही दाढीही नाहीशी व्हायची!

वजनही साक्ष देते. ऑगस्टसचे चांदीचे नाणे सुमारे ३.९ ग्रॅम भरे. नीरोने ते ३.४ ग्रॅमवर आणले. पण झिजेने ऑगस्टसचे नाणेही तितकेच भरू शकते. तेव्हा पुन्हा मुखाकृतीकडेच वळावे लागते.