रॅपवाल्या पोराच्या पाठीशी कोण?

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यावर आम्ही चहाच्या टपरीशी एसटीची वाट पाहत उभे होतो. बाकावर बसलेला वस्तीतला एक पोरगा मोबाईलवर ताल लावून स्वतः लिहिलेले रॅप मित्रांना ऐकवत होता. विषय होता घरकुलाची यादी आणि त्या यादीत नाव घालायला मागितलेले पैसे. भाषा घरातलीच. त्याच्या वडिलांनी आम्हाला जयभीम घातला आणि हळूच विचारले, "वकीलसाहेब, पोरगं लई तोंडावर बोलतंय. याच्यावर केस तर नाही ना व्हायची?"

हा भित्र्या बापाचा प्रश्न नव्हे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. हे ज्या जिल्ह्याने पाहिले, तिथला बाप असेच विचारणार.

आणि केस होते, हेही खरे. एप्रिल २०२३ मध्ये मराठवाड्याच्या राज मुंगासे या तरुणाने 'पन्नास खोक्यां'वर मराठी रॅप केले. त्यात कोणाचेही नाव नव्हते, तरी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला! त्याच महिन्यात मुंबईच्या उमेश खाडे या रॅपरवरही गुन्हा दाखल झाला. नाव न घेताही ज्याला झोंबते, त्याला गाणे बरोबर समजलेले असते.

आमच्यातली काही शिकलेली मंडळी म्हणतात, हा परदेशी धांगडधिंगा आहे, ही भीमगीते नव्हेत. त्यांना आम्ही विचारतो, रॅप जन्मले कुठे? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, काळ्या आणि गरीब माणसांच्या वस्तीत. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांचे गाणे, विलास घोगरेंची डफ यांचा जन्मही वस्तीतच झाला. अमरावतीचे विपिन तातड आणि 'हंड्रेड आरबीएच' म्हणजेच सौरभ अभ्यंकर त्याच वाटेने चालले आहेत. वाद्य बदलले, वेदना तीच आहे.

दूर बेलफास्टमध्ये 'नीकॅप' नावाचे त्रिकूट आयरिश भाषेत राजकीय रॅप करते. १७३७ च्या कायद्याने तिथल्या न्यायालयांतून ही भाषा हद्दपार केली होती. उत्तर आयर्लंडमध्ये तिला अधिकृत मान्यता मिळायला २०२२ चा कायदा यावा लागला. ब्रिटिश सरकारने या त्रिकुटाचे १४,२५० पौंडांचे अनुदान नाकारले, तेव्हा ते गप्प बसले नाहीत, न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारला तो निर्णय बेकायदेशीर असल्याचे मान्य करून रक्कम द्यावी लागली. ती त्यांनी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांच्या युवक संस्थांना वाटून टाकली. गाण्याला कायद्याची जोड मिळाली की सरकारलाही नमते घ्यावे लागते, हा यातला धडा आहे.

ती जोड आपल्याकडेही आहे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत, आरोप भाषणाचा वा लेखनाचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असे न्यायालयाने सांगितले. ही चौकशी चौदा दिवसांत पूर्ण करायची असते. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या माणसावरून, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्यावरून नव्हे, हेही न्यायालयाने बजावले.

पण निकाल आपोआप पोलीस ठाण्यात पोहोचत नाही. तो घेऊन जाणारा वकील लागतो. चौदा एप्रिलला आम्ही या पोरांना स्टेजवर बोलावतो, हार घालतो, व्हिडिओ पुढे पाठवतो. पंधरा एप्रिलला नोटीस आली तर सोबत कोण जातो? प्रत्येक तालुक्यातील आंबेडकरी वकिलांनी आपले नाव आणि नंबर बुद्धविहाराच्या फलकावर लावावा, एवढी साधी सुरुवात तरी व्हावी.

त्या बापाला आम्ही खोटा धीर दिला नाही. एवढेच म्हणालो, "केस होऊ शकते. झालीच तर पोरगा एकटा नसेल." मग आमचा नंबर लिहून दिला. एसटी येईपर्यंत पोरगा दुसरे कडवे म्हणत होता. आवाज मघापेक्षा मोठा होता.