बिननांगीच्या मधमाशीतील जीवाणू

कोमट दुधात चमचाभर विरजण घातले, की सकाळपर्यंत त्याचे दही होते. ही किमया लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांचे दूरचे भाऊबंद मधमाश्यांतही राहतात.

गिरगाव-लालबागच्या एखाद्या जुन्या भिंतीच्या फटीतून मेण आणि राळ यांची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, तर थांबून पाहा. ते टेट्रागोनुला इरिडिपेनिस या जेमतेम ४ मिलिमीटर लांबीच्या काळसर मधमाशीच्या घराचे दार असू शकेल. तिची नांगी इतकी खुरटलेली असते, की तिला डंख मारता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील तिची बहीण टेट्रागोनुला कार्बोनारिया. हिच्या मधात सुमारे २६ टक्के पाणी असते; नेहमीच्या मधात ते सहसा २० टक्क्यांहून कमी असते. पाणी वाढले, की मध आंबण्याचा संभव वाढतो. मग अशा माश्यांच्या संगतीत कोणते जीवाणू नांदत असतील? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही माशी आणि ऑस्ट्रोप्लेबिया ऑस्ट्रालिस ही दुसरी बिननांगीची माशी तपासली. २०२२ साली त्यांनी लॅक्टिक आम्ल बनविणाऱ्या जीवाणूंच्या चार नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

पण त्या नव्या कशावरून? सूक्ष्मदर्शकातून असे अनेक जीवाणू सारखेच दिसतात. म्हणून आधी पोषक द्रव्यावर ते वाढवून एकेक वसाहत वेगळी करतात. मग तिचा डीएनए वाचून ज्ञात जीवाणूंच्या डीएनएशी ताडून पाहतात. सरासरी साम्य साधारण ९५ टक्क्यांहून कमी भरले, तर जात वेगळी मानतात. शिवाय तो काय खातो, कोणत्या तापमानाला वाढतो, हेही तपासावे लागते.

या चारांपैकी दोघांची नावे मोठी बोलकी आहेत. फोलॅटिफिलस म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाची आवड असलेला, आणि थायमिडिनिफिलस म्हणजे डीएनएच्या घडणीस लागणाऱ्या थायमिडिनची आवड असलेला. नावातच भूक सांगितली आहे!

नवा जीवाणू सापडला म्हणजे नवे औषध सापडले, असे मात्र नव्हे. उपयोग पुढे प्रयोगांनी सिद्ध व्हावा लागतो. पण त्यासाठी जीवाणू हवा, आणि जीवाणूसाठी माशी हवी. भिंतीची डागडुजी करताना ती बारीक नळी सिमेंटने लिंपली, तर माश्यांबरोबर त्यांचे अदृश्य बिऱ्हाडकरूही जातात, तेही कोणी त्यांना नाव देण्यापूर्वीच.