पार्किंगवर उभं शहर

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता, धानोरी, वाकड यांपैकी कुठेही घर पाहायला गेलं, की इमारतीची ओळख एकाच हिशेबाने करून दिली जाते : ‘पी प्लस सेव्हन’, ‘पी प्लस इलेव्हन’. खाली पार्किंग, वर सात किंवा अकरा मजले. वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत टोलेजंग टॉवर दिसतात, पण मध्यमवर्गीय पुणेकर मोठ्या संख्येने राहतो तो या मधल्या उंचीच्या इमारतीत. तिच्याकडे नीट पाहावं असं मला फार दिवस वाटत आलं आहे. टॉवर उभा राहतो तेव्हा सल्लागारांची फौज असते. दुमजली बंगल्यावर भारच कमी, तिथे चार चुका पोटात घेतल्या जातात. सात मजल्यांच्या इमारतीवर भार बहुमजली असतो आणि देखरेख मात्र पुष्कळदा बंगल्याइतकीच.

हा प्रकार पुण्यात फार जुना नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, मुठा नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले, आणि मुठेपलीकडे शहर झपाट्याने पसरलं. १९६३च्या ‘मोफा’ कायद्याने सदनिका विकत घेणाऱ्याच्या हक्कांना चौकट मिळाली. भारवाहक भिंतींची तीन मजली सोसायटी, मग आरसीसी सांगाडा, मग लिफ्ट, असं करत आज त्याच सोसायट्या पाडून त्यांच्या जागी ‘पी प्लस’ उभ्या राहत आहेत.

पुण्याचं एक भाग्य जमिनीखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ इथे बऱ्याच ठिकाणी थोड्याच मीटरवर लागतो. मुंबईत खाडीच्या भरावावर बांधायचं तर पाइल खोल उतरवावे लागतात. पुण्यात मात्र अशा कित्येक इमारती सुट्या फुटिंगवर उभ्या असतात, म्हणजे प्रत्येक कॉलमखाली कातळावर टेकवलेला काँक्रीटचा स्वतंत्र पाया. कातळावर मुरूम आणि काही भागांत त्यावर काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती पूर्ण उपसूनच खाली जावं लागतं. त्याच कातळाची खडी वाघोली-मोशीच्या खाणींतून येते, आणि नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून वाळूही तोच दगड फोडून केलेली असते, ‘क्रश सँड’. नदीकाठी गाळ खोल असतो. तिथे माती तपासणीचे दोन बोअर वाचवणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी केलेली काटकसर.

पायापर्यंत सगळं ठीक. खरा प्रश्न त्याच्या वरच्या पहिल्याच मजल्याचा, पार्किंगचा.

सदनिकांच्या हिशेबाने गाड्यांना जागा द्यावी लागते, आणि लहान भूखंडावर ती इमारतीच्या पोटातच सापडते. त्यामुळे तळमजल्यावर भिंती नसतात, नुसते कॉलम. वर प्रत्येक मजल्यावर भिंतीच भिंती. पूर्वी हिशेबात या भिंतींचं फक्त वजन धरलं जाई. पण जमीन हादरते तेव्हा याच भिंती वरच्या मजल्यांना ताठ करतात. सगळे मजले एक ठोकळा होऊन सरकतात, आणि वाकण्याचं सगळं काम खालच्या मोकळ्या मजल्याच्या कॉलमांवर येऊन पडतं. २६ जानेवारी २००१ला भचाऊजवळ भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होतं. तरी तिथे पार्किंगवर उभ्या असलेल्या अनेक इमारती कोसळल्या आणि शहरात सातशेहून अधिक माणसं गेली. कित्येक ठिकाणी वरचे मजले बरेचसे शाबूत होते आणि पार्किंग तेवढं चिरडलेलं होतं.

त्यानंतर भारतीय मानकं कडक होत गेली. ‘आयएस १८९३’च्या २००२च्या आवृत्तीत अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि तुळया नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट आडव्या बलासाठी आखण्याची तरतूद आली. २०१६च्या आवृत्तीने त्यापुढे जाऊन मोकळा मजला ताठ करण्यासाठी काँक्रीटच्या अखंड भिंतींचा, म्हणजे शिअर वॉलचा, मार्ग पुढे केला. त्या आवृत्तीच्या नकाशात पुणे भूकंपक्षेत्र ३मध्ये येतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने इथली माणसं घराबाहेर धावली होती, हे आजच्या कित्येक पुणेकरांच्या गावीही नसतं.

घराच्या आखणीशी याचा थेट संबंध आहे. वर्षानुवर्षं पुण्यातला आवडता कॉलम २३० मिमी जाडीचा, कारण तो नऊ इंची भिंतीत लपतो, बेडरूममध्ये कोपरा बाहेर डोकावत नाही आणि कपाट सरळ बसतं. ‘आयएस १३९२०’च्या २०१६च्या आवृत्तीने कॉलमची किमान बाजू ३०० मिमी ठरवली. भिंती तर आता दीडशे मिमीच्या हलक्या एएसी ब्लॉकच्या. मग आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची ओढाताण सुरू होते, आणि ती बहुधा लांबट, पातळ शिअर वॉलवर येऊन मिटते. मला हा बदल मनापासून चांगला वाटतो. त्यामुळे गाडी वळवायला कष्ट पडतात, एखादं पार्किंग कमी होतं. ते कमी होऊ द्यावं.

पण नकाशावर काढलेलं प्रत्यक्षात उतरतं ते फिटरच्या हातांनी. साइटवर सळई बांधणाऱ्याला फिटर म्हणतात, आणि त्याच्या कामातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे रिंग : उभ्या सळयांना कवेत घेणारी, बहुधा आठ मिमी सळईची चौकट. तिची टोकं काटकोनात दुमडली तर काम पटकन होतं. मानक सांगतं, टोक १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरलं पाहिजे. कारण भूकंपात आधी बाहेरचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडतं. काटकोनी टोक मग उघडं पडून सुटतं, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. गाभ्यात रुतलेलं टोक सुटत नाही. मजल्याच्या वरखाली, तुळई भेटते तिथे, रिंगा फार तर १०० मिमी अंतरावर हव्यात, आणि तुळई-कॉलमच्या जोडातसुद्धा हव्यात. तिथे आधीच सळयांची एवढी गर्दी असते की रिंग घालणं जिकिरीचं होतं, आणि बघणारं कोणी नसेल तर ती गाळली जाते. इंजिनिअरचं स्टील चेकिंग जिथे नेमाने होतं तिथे जोडातल्या रिंगाही असतात, हे साइटवरचा कुठलाही जाणता मुकादम सांगेल.

मग येतो स्लॅबचा दिवस. सेंट्रिंगवर सळयांची जाळी, खाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक, विजेचे पाइप. नारळ फुटतो आणि पहिला मिक्सर उलटा फिरू लागतो. प्लँटवर भरल्यापासून दोन तासांत माल ओतायचा असतो, आणि वाटेत पुण्याची वाहतूक असते. माल घट्ट होऊन आला की तो पसरवणाऱ्यांची पहिली मागणी पाण्याची. नळी सोडली की माल पळतो, पसरतो, काम उरकतं, आणि काँक्रीटची ताकद घटते. चाचणीसाठी १५० मिमीचे क्यूब भरतात आणि ७ व २८ दिवसांनी दाबून पाहतात. पण क्यूब पाणी घालण्याआधी भरला की नंतर, हे अहवालात कुठेही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवतात, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवतात. मिश्र सिमेंटला मानकाप्रमाणे किमान दहा दिवस ओलावा हवा. खालचे टेकू गाळ्याच्या रुंदीप्रमाणे सात किंवा चौदा दिवस, मोठ्या तुळयांखाली एकवीस दिवस हलवायचे नसतात. घाईत मोडतात ते हेच दिवस. २९ जुलै २०१६ला बालेवाडीत वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना तो कोसळला आणि नऊ कामगार गेले.

हे काम करणारी माणसं बिहार, झारखंड, बंगाल, छत्तीसगड, उत्तर कर्नाटक इथून येतात आणि साइटच्याच कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. २९ जून २०१९च्या पहाटे कोंढव्यात मुसळधार पावसात शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत अशाच खोल्यांवर पडली आणि पंधरा जण मरण पावले, त्यांत लहान मुलंही होती. कामगारांची झोपडी भिंतीच्या पायथ्याशी का असते? कारण भूखंडावर दुसऱ्या कशाला न लागणारी जागा तेवढीच उरते. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार २०२५पर्यंत पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं. त्याहून लहान साइटवर ते सक्तीचं नव्हतं, आणि ‘पी प्लस सेव्हन’ बहुधा लहानच असते. तारा मोबाईल क्रेशेससारखी संस्था पुण्यातल्या साइटवर मुलं सांभाळते. ते काम मला कुठल्याही हरित इमारतीच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं वाटतं.

सांगाड्यानंतरच्या कामाबद्दल थोडक्यात. एएसी ब्लॉक विटेच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचा, म्हणून सांगाड्यावरचा भार घटतो. पण काँक्रीट आणि ब्लॉक भेटतात तिथे जाळी न लावता गिलावा केला तर वर्षभरात उभी चीर दिसते. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, उताराने बसवलेला आणि पाणी साठवून तपासलेला, अजूनही भरवशाचा आहे. छज्जा मात्र सपाट काचेरी दर्शनी भागाच्या हौसेत गेला. पश्चिमेचा पाऊस आडवा येतो आणि खिडकीच्या चौकटीतून आत झिरपतो. छज्जा परत आणायला कुठलाही नियम आड येत नाही.

घर घेणारा मात्र टाइल, नळ आणि मॉड्युलर किचन पाहतो. त्याचा दोष नाही, त्याला दाखवलं जातं तेच. महापालिकेच्या जोते तपासणीत मुख्यतः मोजमाप होतं : सामासिक अंतर, मंजूर नकाशा, जोत्याच्या रेषा. रिंगांची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या प्रमाणपत्रावर. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विकसकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. सांगाडा कुजायला लागतो तो बहुधा त्यानंतर.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. ऑडिटर पहिल्याच भेटीत सांगाड्याचे नकाशे मागतो. ते बहुतेक सोसायट्यांकडे नसतात, म्हणून तो हातोड्याने ठोकून, यंत्राने सळया शोधून, काँक्रीटचे नमुने कापून अंदाज बांधत बसतो. आज पुनर्विकासाच्या करारांवर सह्या करणाऱ्या सोसायट्यांनी कार्पेट एरियाच्या चौरस फुटांइतक्याच आग्रहाने एक कलम घालून घ्यावं : प्रत्येक स्लॅबआधी घेतलेले सळयांचे फोटो, क्यूबचे अहवाल, माती तपासणी आणि प्रत्यक्षात बांधल्याप्रमाणे काढलेले सांगाड्याचे नकाशे, सगळं ताब्याच्या दिवशी सोसायटीच्या दप्तरात. सळयांचे ते फोटो काँक्रीट पडण्याआधीच घेता येतात.