न दिसलेल्याची नोंद

विद्यापीठाचं निसर्ग-इतिहास संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेंढा भरलेले प्राणी आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या येतात. त्याच संग्रहालयात वह्या, पत्रं, नकाशे, फोटो यांचं एक दप्तरही असतं. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. पण या दप्तरावाचून बरण्यांतले प्राणी निम्मे मुके राहतात. ते कसे, हे आज आपण पाहू.

उदाहरण घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय १९०८ साली सुरू झालं. पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल. त्यांचा दंडक होता की रानात गेलेल्याने रोज वही लिहायची. मुक्काम कुठे, हवा कशी, सापळे किती लावले, काय मिळालं, काय नुसतं दिसलं. १९१४ ते १९२० या काळात त्यांच्या चमूने योसेमिटीचा डोंगराळ भाग असा पिंजून काढला. पुढे २००३ पासून त्याच संग्रहालयाचे अभ्यासक त्या वह्यांच्या आधारे तिथे पुन्हा गेले. त्यांनी लहान सस्तन प्राण्यांच्या २८ जाती तपासल्या. त्यांतल्या निम्म्या जाती सरासरी ५०० मीटर वर सरकल्या होत्या. मधल्या काळात तिथलं किमान तापमान सुमारे ३ अंशांनी वाढलं होतं.

आता खरा प्रश्न. अमुक प्राणी पूर्वी त्या उंचीवर नव्हता, हे कळलं कसं? नमुना फक्त 'होता' एवढंच सांगतो. 'नव्हता' हे कुठलीच बरणी सांगत नाही.

इथे आपले मीमांसक मदतीला येतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घातली: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही. दिवा लावून पाहावं लागतं. वहीतला सापळ्यांचा आकडा म्हणजे तो दिवा. इतक्या रात्री इतके सापळे लावले, तरी मिळाला नाही, म्हटलं की त्या 'नाही'ला वजन येतं. पूर्ण खात्री नसली, तरी शक्यता मोजता येते.

हे झालं तिकडचं. आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त झाले की बऱ्याचदा नमुने विभागात राहतात, वह्या घरी जातात, आणि घरून रद्दीत. बरण्यांची यादी होते, वह्यांची होत नाही. खरं तर एक कोरडं कपाट आणि यादी करणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावर आज जो बेडूक आढळत नाही, तो पूर्वी तिथे होता की नव्हताच, हे उद्या कुणी विचारलं तर रद्दीत गेलेली वही उत्तर द्यायला येणार नाही.