जुना ट्रक कसा ओळखावा?

विद्यार्थी मित्रांनो, दोन जुळे भाऊ शेजारी उभे राहिले, की परक्या माणसाचा गोंधळ उडतो. त्यांची आई मात्र त्यांना चटकन ओळखते. एकाच्या भुवईजवळचा तीळ, दुसऱ्याच्या हनुवटीवरचा व्रण अशा बारीक खुणा तिच्या मनात पक्क्या बसलेल्या असतात. जुने ट्रक ओळखणारे जाणकारही अशाच खुणा पाहतात.

याचे एक चांगले उदाहरण म्हणजे शेव्हरोलेट ट्रक. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीचे हे ट्रक पूर्वी अनेक देशांत धावत असत. या कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथेही कारखाना काढला होता. तेथे सुटे भाग जोडून गाड्या तयार केल्या जात. हा कारखाना १९५४ साली बंद झाला.

१९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेटने अमेरिकेत नव्या घडणीचा ट्रक बाजारात आणला. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड आणि समोर आडव्या पट्ट्यांची जाळी असे त्याचे रूप होते. ही घडण १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. त्यामुळे यातील छोटे ट्रक लांबून सारखेच दिसतात. मग वर्ष ओळखायचे कसे? चला, आपण ट्रकभोवती एक फेरी मारू.

प्रथम समोर उभे राहा. पुढची काच पाहा. काचेच्या मधोमध उभी पट्टी असून काचेचे दोन भाग झाले असतील, तर तो ट्रक १९५३ पर्यंतच्या मॉडेलचा आहे. १९५४ च्या मॉडेलपासून एकच अखंड, वळणदार काच आली. त्याच वर्षी समोरची जाळीही बदलली.

आता बॉनेटच्या बाजूला या. तेथे धातूची अक्षरे असतात. १९४९ ते १९५२ च्या ट्रकवर ‘शेव्हरोलेट’ हे नाव आणि खाली ३१०० सारखा चार आकडी क्रमांक असे. १९५३ साली नाव गेले आणि नुसता क्रमांक राहिला.

पुढे दाराजवळ थांबा. दाराच्या काचेपुढे हवेसाठी उघडणारी छोटी त्रिकोणी काच आहे का? ती १९५१ साली आली. दाराची मूठ खाली फिरवावी लागते का? तर दार १९५१ पर्यंतचे आहे. १९५२ पासून बटण दाबून उघडणारी मूठ आली. शेवटी पेट्रोल भरण्याचे तोंड शोधा. सुरुवातीच्या ट्रकची टाकी मागच्या हौद्याखाली होती. १९४९ पासून ती केबिनमध्ये, सीटच्या मागे आली. त्यामुळे टाकीचे तोंडही दाराच्या मागे, केबिनवर दिसू लागले.

पण सावध राहा! प्रत्येक फरक वर्ष सांगत नाही. काही ट्रकच्या केबिनला मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा दिसतात. त्या पाहून हे वेगळ्या वर्षाचे मॉडेल आहे असे वाटते. खरे तर जास्त पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या काचा मिळत. म्हणून त्यांवरून वर्ष ठरत नाही.

आणखी एक अडचण आहे. जुन्या ट्रकचे भाग बदललेले असतात. समजा, काच दोन भागांची आहे, पेट्रोलचे तोंड हौद्याच्या बाजूला आहे. पण दाराला मात्र त्रिकोणी काच आहे. काच आणि टाकी ट्रक १९४९ पूर्वीचा असल्याचे सांगतात. दार १९५१ किंवा त्यानंतरचे आहे. मग दार दुसऱ्या ट्रकचे बसवले असावे, हे उघड आहे. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. साऱ्या खुणा ताडून पाहाव्यात.

एवढी चौकशी कशासाठी, असे तुम्ही विचाराल. अखंड काचेचे रबर दोन भागांच्या काचेला बसत नाही. वर्ष चुकले, की मागवलेला भाग निकामी ठरतो आणि पैसे वाया जातात. विकणाऱ्याने चुकीचे वर्ष सांगितले, तर घेणारा फसतो. इतिहासाच्या अभ्यासकालाही या ज्ञानाचा उपयोग होतो. एखाद्या जुन्या फोटोत अखंड काचेचा असा ट्रक दिसला, तर तो फोटो १९५० सालचा असूच शकत नाही. मात्र तो १९५४ चाच आहे, असेही म्हणता येत नाही. कारण ट्रक पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर धावतो. खूण जेवढे सांगते तेवढेच मानावे. त्यापुढचे आपल्या मनाने जोडू नये.

मित्रांनो, ही सवय फक्त ट्रकपुरती नाही. नाणे असो, पोस्टाचे तिकीट असो की ऐकलेली बातमी असो. नीट पाहावे, खुणा ताडाव्यात आणि मगच मत बनवावे.

स्वाध्याय

१. अखंड काच कोणत्या वर्षाच्या मॉडेलपासून आली?
२. कोपऱ्यातील काचांवरून ट्रकचे वर्ष का ठरत नाही?
३. एका ट्रकच्या दाराला त्रिकोणी काच आहे आणि दाराची मूठ खाली फिरवावी लागते. हे दार कोणत्या वर्षाचे असेल? कारण लिहा.