छातीतील कळ : हृदयविकार की आणखी काही?

छातीत कळ आली की मनात पहिला विचार हृदयाचा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. परंतु छाती हे केवळ हृदयाचे घर नव्हे. त्याच पोकळीत दोन फुप्फुसे आहेत, त्यांच्यावरील पातळ आवरण आहे, हृदयापासून निघणारी महारोहिणी आहे आणि घशापासून जठराकडे जाणारी अन्ननलिका आहे. ही अन्ननलिका तर हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला पाठीमागून अगदी लगटून खाली उतरते. सभोवती बरगड्या, त्यांना उरोस्थीशी जोडणारी कूर्चा, स्नायू आणि मज्जातंतू यांचा पिंजरा आहे. तळाशी मध्यपटल, आणि त्याखाली जठर व पित्ताशय. यांपैकी कोणाचेही दुखणे छातीत उमटू शकते आणि हृदयविकाराच्या झटक्याचे हुबेहूब सोंग घेऊ शकते. अशा वेळी खरे कारण कसे शोधतात, आणि त्या शोधात कोणता क्रम पाळणे आवश्यक असते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

हृदयातून उद्भवणाऱ्या वेदनेचे पहिले रेखीव वर्णन लंडनचे वैद्य विल्यम हेबरडन यांनी १७६८ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे वाचले. ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबताच वेदना नाहीशी होते, असे त्यांनी नोंदवले. या विकाराला त्यांनी दिलेले नाव वैद्यकात अद्याप चालू आहे. मराठीत आपण त्याला हृच्छूल म्हणतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हेबरडन यांच्यापाशी कोणतेही यंत्र नव्हते. रोग्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकणे हीच त्यांची तपासणी होती, आणि आजही छातीतील वेदनेचा शोध तेथूनच सुरू होतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकून झटका येतो, आणि तो आलेला मनुष्य तत्क्षणी दगावतोच असे नाही, ही गोष्ट शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडली. त्यामुळे जिवंत रोग्यात झटका ओळखण्याला अर्थ आला. तो ओळखण्याचे साधन हॉलंडचे विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले होते. हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांची नोंद करणारे हे यंत्र म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ई.सी.जी.चा पूर्वज होय. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग एवढी साधने असताना घोटाळा का होतो? त्याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. बोटाला काटा टोचला तर कोठे टोचला हे आपण अचूक सांगतो. कारण त्वचेतील मज्जातंतू दाट आणि त्यांचे पत्ते स्पष्ट असतात. आतील इंद्रियांचे तसे नसते. हृदय, अन्ननलिका आणि महारोहिणी यांच्याकडून येणारे वेदनावाहक तंतू मेरुरज्जूच्या वरच्या भागात जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात आणि हाताच्या आतील बाजूकडून येणारे तंतूही तेथेच मिळतात. मेंदूकडे जाणारा संदेश मोघम असतो. म्हणून हृदयाचे दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणवते, आणि अन्ननलिकेचे दुखणे हृदयाचे वाटते. वेदना मुलूख सांगते, घर सांगत नाही.

आता ही गोष्ट एका परिचित परिसरात ठेवून पाहू. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथील पोलाद कारखाना १९५५ च्या सोव्हिएत कराराने आकारास आला आणि त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्याच्याभोवती वसलेल्या नगरात देशाच्या सर्व भागांतील माणसे आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने जोडलेल्या नागपूर-विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. या नगरापैकीच रिसाली हा एक भाग. कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र जवळच, सेक्टर ९ मध्ये आहे.

समजा, रिसालीतील पन्नाशीचा एखादा गृहस्थ रात्रीच्या जेवणानंतर छाती धरून बसला. घरात प्रथम जे घडते ते सर्वांना ठाऊक आहे : कोणी ओवा चावायला देतो, कोणी खाण्याचा सोडा पाण्यात ढवळून देतो, आणि ढेकर आली की ‘गॅस होता’ असा निवाडा होऊन दिवा मालवला जातो. हा निवाडा अनेकदा खरा ठरतो. पण ज्या एका रात्री तो चुकतो, त्या रात्री जीव जातो. आम्लनाशक औषधाने बरे वाटले म्हणजे हृदय निर्दोष, असे म्हणता येत नाही, कारण हृदयाची वेदनाही आपोआप चढते-उतरते. याच्या उलट, जिभेखाली ठेवण्याच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळीने आराम पडला म्हणजे दोष हृदयाचाच, असेही नाही. त्या गोळीने अन्ननलिकेचा आवळलेला स्नायूही सैल होतो. या दोन्ही घरगुती कसोट्या फसव्या आहेत.

छातीच्या मध्यभागी दडपण, ते हाताकडे किंवा जबड्याकडे पसरणे, घाम, धाप, मळमळ, यांपैकी काही असेल आणि ते काही मिनिटांत शमत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळीने रक्त अडले की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. वाहिनी उघडण्याचे उपचार जितके लवकर होतील तितका तो वाचतो. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात तर झटका केवळ थकवा, धाप किंवा पोटातील अस्वस्थता या रूपानेही येतो, हे विसरू नये.

रुग्णालयात पहिला ई.सी.जी. आल्यापासून दहा मिनिटांत व्हावा असा दंडक आहे. परंतु एक ई.सी.जी. निर्दोष आला म्हणजे झटका नाही असे सिद्ध होत नाही. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. त्याच्या जोडीला रक्तातील ट्रोपोनिन मोजतात. हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन होय. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपते, पण त्यास वेळ लागतो. म्हणून काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यावे लागते. ‘पहिली तपासणी चांगली आली, मग थांबवून का ठेवता?’ असे नातेवाइकांनी विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच, की या रोगात कालांतराने होणारा बदल हाच पुरावा असतो.

हृदयाचा विचार चालू असतानाच डॉक्टर आणखी दोन शत्रूंना विसरत नाहीत. पहिला, महारोहिणीची भिंत आतून फाटणे. यात वेदना एकदम परमावधीला पोहोचते, फाडल्यासारखी वाटते आणि पाठीत जाते. दोन्ही हातांतील रक्तदाबांत फरक पडू शकतो. येथे गुठळी विरघळविणारे औषध चुकून दिले तर ते प्राणघातक ठरेल. दुसरा, पायाच्या शिरेतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकणे. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाएकी धाप लागून छातीत कळ आली, विशेषतः एक पाय सुजलेला असला, तर ही शंका घेतलीच पाहिजे. जे जीव घेऊ शकते ते आधी बाजूला सारावयाचे, आणि जे केवळ त्रास देते ते नंतर शोधावयाचे, हा या तपासाचा मूलभूत नियम होय.

हे सर्व बाजूला सरले की तपासाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि दुर्दैवाने बहुतेकांचा तपास नेमका येथेच संपतो. ‘हृदय चांगले आहे, घरी जा’ असे सांगितले जाते. रोगी आनंदाने घरी जातो, पण आठवड्याने कळ परत येते आणि तिच्याबरोबर भीतीही. कारण त्याला काय झालेले नाही एवढेच कळले आहे. काय झाले आहे ते कळलेले नाही.

हृदयेतर कारणांत अग्रस्थान अन्ननलिकेचे आहे. जठरातील आम्ल वर चढले की उरोस्थीमागे जळजळ होते. वाकल्याने, जेवून लगेच आडवे झाल्याने ती वाढते. १९५८ साली अमेरिकेत बर्नस्टाइन आणि बेकर यांनी एक सोपी युक्ती योजली : नळीवाटे अन्ननलिकेत थेंबथेंब कधी सौम्य आम्ल, कधी मिठाचे पाणी सोडावयाचे, आणि आम्लाच्या वेळी रोग्याची नेहमीची कळ उठते की नाही ते पाहावयाचे. आज त्याऐवजी आम्लनिर्मिती कमी करणारे औषध काही आठवडे देऊन परिणाम पाहतात. गरज पडल्यास दुर्बिणीने तपासतात, चोवीस तास अन्ननलिकेतील आम्लता मोजतात, किंवा तिच्या स्नायूंचा दाब मोजतात.

छातीच्या पिंजऱ्याचे दुखणे त्याहून सोपे. बरगडी व उरोस्थी यांमधील कूर्चेला सूज आली तर नेमक्या जागी बोट दाबताच कळ येते. तेथे दिसण्याजोगा फुगवटा असला तर त्या विकाराला, १९२१ साली तो वर्णन करणाऱ्या जर्मन शल्यवैद्याच्या नावाने, टिएट्झेचा विकार म्हणतात. श्वासाबरोबर टोचणारी वेदना फुप्फुसाच्या आवरणाकडे बोट दाखवते. नागीण उठण्यापूर्वी दोन-तीन दिवस छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि फोड दिसेपर्यंत सर्वांना कोड्यात टाकते. पित्ताशयातील खडेही वरच्या पोटातून छातीत कळ पाठवतात.

छत्तीसगड आणि विदर्भ यांच्या संदर्भात आणखी एका कारणाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि फुप्फुसात किंवा बरगड्यांत तीव्र वेदना उत्पन्न करतात. ताप, धाप आणि छातीतील कळ घेऊन तरुण मनुष्य आला तर या पट्ट्यात त्याची ही रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण हा प्रकार स्वतःच प्राणघातक ठरू शकतो. २०२३ मध्ये केंद्र शासनाने या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू केली. या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन पाश्चात्त्य वैद्यकात प्रथम १९१० साली ज्याने केले, तोच डॉक्टर जेम्स हेरिक, ज्याने दोन वर्षांनी हृदयाच्या झटक्याचे निदान शक्य आहे असे दाखविले! छातीतील कळीची दोन अगदी भिन्न कारणे एकाच माणसाच्या चौकस दृष्टीने उजेडात आणली.

मनाचाही येथे विचार केला पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धात छातीतील कळ आणि धडधड यांनी बेजार झालेले, परंतु हृदयात दोष न सापडलेले सैनिक डॉ. दा कोस्टा यांनी अभ्यासले आणि १८७१ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. तीव्र भीतीचा झटका खरीखुरी वेदना निर्माण करतो. ते ढोंग नव्हे. तथापि कारण सापडले नाही म्हणून ‘मनाचा खेळ’ हा शिक्का मारून मोकळे होणे हे निदान नव्हे. मानसिक कारणाची स्वतःची लक्षणे असतात आणि स्वतःचे उपचारही. शिवाय मन आणि हृदय यांतील सीमा वाटते तितकी पक्की नाही. तीव्र शोकानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होऊन झटक्यासारखेच चित्र उभे राहते, पण रोहिणी मात्र मोकळ्या असतात, असा विकार जपानी डॉक्टरांनी १९९० साली वर्णन केला. मोठ्या रोहिणी मोकळ्या असूनही हृदयातील अतिसूक्ष्म वाहिन्यांच्या दोषाने हृच्छूल होऊ शकतो, हेही आता ज्ञात आहे.

या सर्व शोधात रोग्याचा वाटा मोठा आहे, आणि तो भाषेचा आहे. मराठीत वेदनेला किती शब्द आहेत! चमक निघते, उसण भरते, जळजळ होते, ठणका लागतो, कळ येते, छातीवर दडपण येते. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या इंद्रियाकडे बोट दाखवू शकतो : चमक आणि उसण बहुधा स्नायू-बरगड्यांकडे, जळजळ अन्ननलिकेकडे, दडपण हृदयाकडे. परप्रांतात मात्र डॉक्टरांसमोर घाईने परक्या भाषेत बोलताना हे सारे ‘दर्द’ या एकाच शब्दात बुडून जाते. म्हणून वेदना कशी आहे, कोठे सुरू झाली, कोठे गेली, किती वेळ टिकली, कशाने वाढली, कशाने थांबली, हे सांगताना अडखळल्यास आपला शब्दच वापरावा, हाताने दाखवावे, आणि दोन्ही भाषा जाणणारे माणूस बरोबर न्यावे. एका बोटाने दाखविलेली जागा आणि छातीवर ठेवलेली मूठ यांतील फरक अनुभवी डॉक्टर कोणत्याही भाषेत वाचतो. जुने ई.सी.जी. जपून ठेवावेत, आजचा आलेख कालच्याशी ताडून पाहता आला तर पुष्कळ शंका फिटतात.

छातीतील कळीबाबत दोन चुका संभवतात. एक, हृदयाच्या झटक्याला वात समजून घरी बसणे. ही चूक तासाभरात प्राण घेऊ शकते. दुसरी, हृदय निर्दोष ठरताच शोध सोडून देणे. ही चूक वर्षानुवर्षे माणसाला भीतीच्या छायेत ठेवते, चालणे-फिरणे सोडावयास लावते आणि पुनःपुन्हा रुग्णालयाच्या दारी नेते. पहिली टाळावयास त्वरा लागते, दुसरी टाळावयास चिकाटी. म्हणून घरी जाण्याची परवानगी मिळाल्यावर रोग्याने डॉक्टरांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘हृदय नाही, हे समजले, मग हे दुखणे कशाचे, आणि ते शोधण्यासाठी मी पुन्हा केव्हा यावे?’